जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची ऑनलाइन फेरविक्री : छुपा खर्च खरेदीपूर्वी कसा मोजावा

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात जुने मोबाईल आणि लॅपटॉप घेऊन ऑनलाइन विकणाऱ्या अनेकांचा हिशेब एकाच जागी चुकतो. विक्रीच्या किमतीतून खरेदीची किंमत वजा करून जे उरते त्याला ते नफा समजतात. दुरुस्ती, खोका, कुरिअर, संकेतस्थळाचे कमिशन, कर आणि परत आलेला माल हे खर्च नंतर एकेक करून समोर येतात, आणि तोवर वस्तू ज्या भावाला घेतली तो भाव बदलता येत नाही. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. त्यातील पहिले तीन टप्पे पैसे देण्याआधीचे आहेत, आणि पैसा वाचतो तो मुख्यतः तिथेच.

## टप्पा १ : ग्राहक कोणत्या राज्यात असेल ते आधी ठरवा

सीमाभागात हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो आणि नेमका तोच बहुतेकदा विसरला जातो. निपाणीहून महाराष्ट्रातील कागल अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे, खरेदीला, लग्नकार्याला, दवाखान्याला आपण कोल्हापूरला सहज जातो, आणि मराठीत जाहिरात दिली की चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर इथूनच विचारणा अधिक येते. जीएसटीच्या दृष्टीने मात्र बेळगावहून पाचशे किलोमीटरवरील बेंगळुरूला पाठवलेला मोबाईल राज्यांतर्गत असतो आणि कागलला पाठवलेला आंतरराज्य असतो.

फक्त वस्तूंची विक्री करणाऱ्याला कर्नाटकात वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. जो पैसे घेऊन दुरुस्तीही करून देतो, त्याच्यासाठी ही मर्यादा २० लाखांची आहे. परंतु व्यवसाय म्हणून करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकणाऱ्याला या मर्यादांचा लाभ मिळत नाही आणि उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी घ्यावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यालाही मोठ्या ई-कॉमर्स संकेतस्थळांवर विक्री करता येते, मात्र त्यासाठी पॅन हवे, जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यायला हवा आणि विक्री आपल्याच राज्यात व्हायला हवी. स्वतः वापरलेला एखादा मोबाईल विकणे हा व्यवसाय नव्हे, तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. पण विकण्यासाठीच माल घ्यायला सुरुवात केली की तो व्यवसाय होतो.

त्यामुळे आपल्यापुढे दोन मार्ग उरतात. नोंदणी न घेता फक्त कर्नाटकातील ग्राहकांना विकावे, म्हणजे हुबळी, धारवाड, विजयपूर, बेंगळुरू असा ग्राहक शोधावा आणि जाहिरात कन्नड व इंग्रजीतही लिहावी, किंवा नोंदणी घेऊन महाराष्ट्राची बाजारपेठ उघडावी आणि विवरणपत्रांचा खर्च दर नगामागे धरावा. नोंदणी घेतल्यावर विक्री शून्य असलेल्या महिन्यांचेही विवरणपत्र भरावे लागते. उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये, आणि विक्री शून्य असल्यास २० रुपये विलंब शुल्क लागते. महिन्याला चार-पाच नग विकणाऱ्याने कर सल्लागाराची फी त्या चार-पाच नगांवर वाटून पाहावी. माझ्या मते एवढ्या लहान व्यवसायाने पहिले काही महिने राज्यातच विकावे आणि हिशेबाची सवय झाल्यावर नोंदणीचा विचार करावा.

सावधान : जमा झालेली रक्कम नफा नसून उलाढाल असते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवरील जमेच्या आधारे अनेक लहान व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या होत्या. घरचे व्यवहार, मित्रांकडून आलेले पैसे आणि मालाचे पैसे एकाच खात्यात असतील तर त्यातील विक्री कोणती हे पुढे सिद्ध करत बसावे लागते. या कामासाठी पहिल्या दिवसापासून वेगळे खाते ठेवावे.

## टप्पा २ : जागेवरच तपासणी, आणि तीही ठरलेल्या क्रमाने

बरेच जण आधी स्क्रीन आणि ओरखडे पाहतात आणि मोबाईल चकचकीत दिसला की भाव बोलून मोकळे होतात. तपासणीचा क्रम याच्या उलट असावा. ज्या दोषामुळे वस्तू विकताच येणार नाही तो आधी पाहावा, ज्याला खर्च लागेल तो नंतर, आणि दिसण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

१. मोबाईलवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे मोबाईलचा १५ अंकी ओळख क्रमांक, काढा. दोन सिमच्या मोबाईलला दोन क्रमांक असतात, दोन्ही तपासा. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, किंवा इंग्रजी अक्षरांत केवायएम, मोकळी जागा आणि १५ अंकी क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवून मोबाईलची स्थिती कळते. उत्तरात काळ्या यादीतील, दुहेरी किंवा आधीच वापरात असलेला असे काही आले, अथवा मॉडेलचे नाव हातातील मोबाईलशी जुळले नाही, तर व्यवहार तिथेच थांबवा.

२. मालकाला त्याच्या गूगल किंवा अॅपल खात्यातून तुमच्यासमोर बाहेर पडायला सांगा, मग मोबाईल रिसेट करून पुन्हा सुरू करा. रिसेटनंतर जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला गेला तर कुलूप अजून सुटलेले नाही असे समजा. आधी रिसेट आणि मग खाते, असा उलटा क्रम झाला तर मोबाईल हातात येतो आणि मालक फोन उचलत नाही.

३. मोबाईल हप्त्यावर घेतलेला होता का ते स्पष्ट विचारा. हप्ते थकले की कर्ज देणारी कंपनी अनेक मोबाईल दुरून बंद करू शकते, आणि हे कुलूप खरेदीनंतर महिन्याभरानेही पडू शकते. कर्ज फिटल्याचे पत्र पाहिल्याशिवाय असा नग घेऊ नका.

४. बॅटरी पाहा. आयफोनमध्ये तिचे आरोग्य सेटिंगमध्ये दिसते. विंडोज लॅपटॉपमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो आणि त्यात मूळ क्षमता व आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी दिसतात. दुसरी पहिलीच्या निम्म्यावर आली असेल तर नवी बॅटरी खर्चात धरा. मागचे झाकण फुगलेले असेल किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे. असा नग कुरिअरने पाठवता येत नाही आणि घरात ठेवणेही धोक्याचे आहे.

५. लॅपटॉपचा प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे ते पाहा. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या जवळपास सर्व प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. कार्यालयांनी लॉटमध्ये काढलेले लॅपटॉप स्वस्त मिळतात त्यामागे अनेकदा हेच कारण असते. हा आधार संपण्यापूर्वीच्या भावावर विसंबून असा लॉट उचलू नका.

६. त्यानंतर चार्जिंगचे पोर्ट, माइक, स्पीकर, दोन्ही कॅमेरे, वायफाय आणि प्रत्यक्ष सिम घालून केलेला एक फोन. काळ्या आणि पांढऱ्या पूर्ण पडद्यावर डाग व रेषा पाहा. ओरखडे सर्वांत शेवटी.

### खरेदीची पावती

मूळ बिल असेल तर घ्या. नसेल तर विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या आणि साध्या कागदावर वस्तूचे नाव, आयएमईआय किंवा सिरीयल क्रमांक, रक्कम, तारीख, वस्तू स्वतःच्या मालकीची असल्याचे विधान आणि सही असे लिहून घ्या. पैसे शक्यतो खात्यावर द्या. आपण ही पावती सवयीने मराठीत लिहितो आणि तशी लिहायला हरकत नाही. पण चौकशी आलीच तर पोलीस ठाण्याचे कामकाज कन्नडमध्ये चालते, म्हणून त्याच कागदावर कन्नड किंवा इंग्रजीतही मजकूर असल्यास नंतरची धावपळ वाचते. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अर्ध्या भावात, बिलाशिवाय आणि घाईघाईने विकला जाणारा मोबाईल हे तसे मानण्यास पुरेसे कारण ठरू शकते.

तपासा : आयएमईआय, खात्याचे कुलूप, हप्ता आणि पावती या चारपैकी एकही गोष्ट अपुरी असेल तर भाव कितीही चांगला असला तरी परत फिरा.

## टप्पा ३ : बोली विक्रीच्या टोकाकडून उलटी मोजा

संकेतस्थळावर मागितल्या जाणाऱ्या किमती पाहून अंदाज बांधू नका, कारण त्या अपेक्षा असतात. तसाच नग तशाच अवस्थेत खरोखर कितीला गेला हे दुकानदारांकडून किंवा जुनी उपकरणे विकत घेणाऱ्या कंपन्यांच्या भावावरून ठरवा. मग त्या आकड्यातून एकेक खर्च वजा करत खाली या.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, स्वतःचे आकडे स्वतः भरावेत. टिळकवाडीत एक लॅपटॉप १४,००० रुपयांना मिळतो आहे आणि तो १९,००० रुपयांना विकला जाईल असा अंदाज आहे. विक्रेता जीएसटी नोंदणीकृत आहे.

- पाहायला व आणायला जाण्याचे पेट्रोल : १५०
- नवी बॅटरी : १,६००
- सफाई, थर्मल पेस्ट, सुटे स्क्रू : ३००
- खोका, बबल रॅप, चिकटपट्टी : १८०
- कुरिअर, पाच किलोच्या दराने : ५२०
- कमिशन ५ टक्के, म्हणजे ९५०, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १७१ : एकूण १,१२१
- फरकावरील जीएसटी : ७६३

एकूण खर्च ४,६३४ रुपये होतो आणि पाच हजारांतून हाती राहतात ३६६. कमिशनवरचा आणि कुरिअरवरचा जीएसटी नोंदणीकृत विक्रेत्याला क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतः भरायच्या करातून वजावट म्हणून, मिळू शकतो, पण त्या बिलांवर त्याचा जीएसटी क्रमांक असेल तरच. अनेक जण तो क्रमांक देतच नाहीत.

फरकावरील जीएसटीबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. मोबाईल आणि लॅपटॉपवर कराचा दर १८ टक्के आहे. जुन्या मालाचा व्यापार करणाऱ्याने वस्तू खरेदी करताना त्या खरेदीवर क्रेडिट घेतलेले नसेल आणि वस्तूचे स्वरूप बदलणारे काम केले नसेल, तर नियमांनुसार कर पूर्ण विक्री किमतीवर लागत नाही, तो विक्री आणि खरेदी यांच्या फरकावर लागतो. काही जण १९,००० रुपयांवर कर भरून बसतात. दुसरीकडे काही जण त्या फरकातून बॅटरी आणि दुरुस्तीही वजा करतात, आणि तसे करता येत नाही. फरक म्हणजे विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत, एवढेच. वरच्या उदाहरणात १९,००० मध्ये कर समाविष्ट आहे असे धरल्यास ५,००० रुपयांतील कराचा भाग ७६३ रुपये होतो. तोट्यात विकलेल्या नगावर हा कर लागत नाही, मात्र खरेदीची पावती नसेल तर खरेदी किंमत दाखवायची कशी हा प्रश्न उरतोच. टप्पा २ मधला कागद इथे पुन्हा उपयोगी पडतो.

आता हाच हिशेब उलटा करा. पेट्रोलपासून कमिशनपर्यंतचा खर्च ३,८७१ रुपये आहे. बोली १२,६०० ठेवली तर फरक ६,४०० होतो, त्यावरील कर सुमारे ९७६ रुपये जातो आणि साधारण १,५५० रुपये उरतात. त्यातूनच परत येणाऱ्या मालाची तरतूद करायची आहे. म्हणजे हा लॅपटॉप १४,००० ला घेण्यासारखा नाही. मालक १३,००० वर अडून बसला तर नमस्कार करून निघावे.

## टप्पा ४ : दुरुस्ती, चाचणी आणि साठवण

दुरुस्तीवर किती खर्च करायचा याची मर्यादा खरेदीच्या वेळीच वहीत लिहून ठेवावी. ज्या दुरुस्तीने विक्रीची किंमत खर्चापेक्षा जास्त वाढत नाही ती करू नये, तो दोष वर्णनात लिहून तेवढी किंमत कमी करावी. मोबाईलला हलक्या दर्जाचा डिस्प्ले बसवून तो मूळ असल्यासारखा विकणे हा सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे, कारण असा नग हमखास परत येतो. सुटे भाग बसवल्यावर वस्तू लगेच जाहिरातीत टाकू नका. दोन-तीन दिवस रोज वापरा, चार्ज करा, गरम होते का पाहा.

खानापूर आणि चंदगडच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा मोठे नुकसान करतो. पावसाळ्यात माल उघड्या फळीवर किंवा भिंतीला लागून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक नग सुरू करून पाहा. बॅटरी पूर्ण रिकामी ठेवून दिली तर ती मरते, म्हणून साधारण अर्धी चार्ज ठेवावी. वीज जाऊन-येऊन होत असेल तेव्हा टीव्हीची चाचणी स्टॅबिलायझरशिवाय करू नये. पडून राहिलेल्या मालाचा भाव दर महिन्याला उतरतो, हाही खर्चच आहे. दीड महिन्यात न गेलेला नग किंमत कमी करून काढावा.

## टप्पा ५ : वर्णन आणि छायाचित्रे

वर्णनात लपवलेला प्रत्येक दोष पुढे दुहेरी कुरिअरच्या रूपाने परत येतो. म्हणून चार कोपरे, पडद्याचा पूर्ण पांढरा फोटो, सर्वांत मोठा ओरखडा आणि बॅटरीची स्थिती दाखवणारा पडदा अशी छायाचित्रे अवश्य टाका. आयएमईआय मात्र सार्वजनिक फोटोत दाखवू नका. सोबत चार्जर मूळ आहे की दुसरा, खोका आहे की नाही, दुरुस्ती कोणती झाली हे लिहा. वर्णनाशी न जुळणारी किंवा सदोष वस्तू परत घेण्यास नकार देता येत नाही असे ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत म्हटले आहे, त्यामुळे व्यावसायिक विक्रेत्याने ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे लिहून सुटका होत नाही.

मोठी संकेतस्थळे विक्रीच्या रकमेतून कमिशनखेरीज आणखी दोन कपाती करतात. नोंदणीकृत विक्रेत्याकडून जीएसटीची आगाऊ वसुली १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के आहे आणि आयकराची कपात १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के आहे. हे पैसे बुडत नाहीत, पण विवरणपत्र भरून मागेपर्यंत अडकतात. कमी भांडवलावर काम करणाऱ्याने ते हिशेबात धरावेत.

## टप्पा ६ : बांधणी आणि कुरिअर

कुरिअरचा दर वजनकाट्यावरच ठरतो असे नाही. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सामान्यतः ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा मोठा असेल तर त्याचे पैसे घेतात. ४५ × ३५ × १५ चा खोका ४.७२५ किलोचा ठरतो, आत लॅपटॉप धरून वजन अडीच किलोच असले तरी. वर दिलेला पाच किलोचा दर यामुळेच आला. आडव्या-उभ्या चार सेंटिमीटरनेही पुढचा टप्पा लागू शकतो, म्हणून खोका वस्तू पाहून निवडावा. मात्र प्रत्येक बाजूने पाच सेंटिमीटर गादी राहील इतकी जागा सोडलीच पाहिजे.

बांधण्याचा क्रम असा ठेवावा.

१. वस्तू बंद करा, चार्जर वेगळा गुंडाळा. तो लॅपटॉपच्या झाकणावर ठेवला तर प्रवासात पडदा फुटतो.

२. सिरीयल क्रमांक, चालू स्थिती आणि बांधणी हे सगळे एकाच सलग व्हिडिओत घ्या, खोका चिकटवून त्यावर पत्ता लावेपर्यंत कॅमेरा बंद करू नका. खोक्यात दगड आला किंवा दुसराच मोबाईल आला अशी तक्रार झाल्यास हाच व्हिडिओ कामी येतो. तुकड्यांत घेतलेल्या व्हिडिओवर शंका घेतली जाते.

३. आत लिथियम बॅटरी आहे हे कुरिअरवाल्याला सांगा आणि रस्त्याने जाणारी सेवा घ्या. विमानाने जाणाऱ्या पार्सलवर बॅटरीचे निर्बंध आहेत आणि माहिती न देता टाकलेले पार्सल मध्येच अडवले जाऊ शकते.

४. पावसाळ्यात खोक्याच्या आत प्लास्टिकची पिशवी हवीच, बाहेरची पुरत नाही.

५. पार्सलसोबत बिल द्या. मालाची किंमत ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर ई-वे बिलही, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन काढलेला कागदही, लागते.

विम्याच्या अटी पार्सल देण्याआधी वाचा. जुन्या वस्तूंना आणि काचेला भरपाई नाकारण्याची अट अनेकदा बारीक अक्षरांत असते. टीव्ही कुरिअरने पाठवूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो बेळगाव-खानापूर-हुक्केरी एवढ्या टापूत, ग्राहक स्वतः येऊन चालू स्थितीत पाहून नेईल अशाच पद्धतीने विकावा.

## टप्पा ७ : पैसे घेणे

पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पाहिल्याशिवाय पूर्ण भाव मान्य करणारा, सैन्यात असल्याचे सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारा आणि एक रुपया पाठवून कोड स्कॅन करायला लावणारा ग्राहक हा फसवणुकीचा ठरलेला साचा आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आपला विश्वास लवकर बसतो, त्यामुळे इथे अधिक जपावे. पैसे गेल्यास ताबडतोब १९३० वर फोन करावा.

दुसरा धोका कमी माहीत असलेला आहे. ग्राहकाने दिलेले पैसे आधीच कुणाच्या तरी फसवणुकीतून आलेले असतील तर त्या तक्रारीवरून तुमच्या खात्यातील रक्कम, काही वेळा संपूर्ण खाते, गोठवले जाते, आणि तक्रार दूरच्या राज्यात नोंदलेली असते. म्हणून ज्याच्या नावाने बिल आहे त्याच्याच खात्यातून पैसे घ्या. ‘मित्र पाठवेल’ हे मान्य करू नका.

पार्सल मिळाल्यावर पैसे देण्याची सोय विक्री वाढवते, परंतु ग्राहकाने पार्सल नाकारले तर जाण्याचे आणि येण्याचे असे दोन्ही भाडे तुमच्या माथी येते. वरच्या लॅपटॉपवर तसे झाले तर हजाराच्या वर रुपये जातात, म्हणजे कमावलेल्या दीड हजारातले बहुतांश. ही सोय द्यायचीच असेल तर निदान दोन्ही बाजूंच्या भाड्याएवढी रक्कम आगाऊ घ्यावी.

## टप्पा ८ : परतीचा माल आणि महिन्याचा ताळा

परत आलेले पार्सल उघडतानाही सलग व्हिडिओ घ्या, आणि सिरीयल क्रमांक जुळवल्याशिवाय परताव्याला मान्यता देऊ नका. नोंदणीकृत विक्रेत्याने परतीची क्रेडिट नोट, म्हणजे ती विक्री रद्द झाल्याचा कागद, त्याच काळात काढावी, नाहीतर न झालेल्या विक्रीवर कर भरला जातो.

वहीत प्रत्येक नगाला एक पान द्या. पहिल्या ओळीत आयएमईआय किंवा सिरीयल क्रमांक, खाली खरेदी, मग खर्च त्या-त्या दिवशीच लिहावा, कारण चिकटपट्टी आणि पेट्रोल महिनाअखेरीस आठवत नाही. परतीची मुदत संपेपर्यंत त्या पानावर नफा लिहू नका. लागलेले तासही लिहा. दुकानात तेवढ्याच तासांना जी मजुरी मिळते तिच्यापेक्षा सलग तीन महिने कमी सुटत असेल तर खरेदीची बोली आणखी खाली आणावी लागेल.

निकामी बॅटऱ्या आणि फुटलेले बोर्ड भंगारवाल्याला किंवा कचरागाडीत देऊ नका. २०२२ चे ई-कचरा आणि बॅटरी कचरा यांचे नियम त्याला परवानगी देत नाहीत. अधिकृत संकलकाकडे नेण्याइतका साठा होईपर्यंत बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून, कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, माल ठेवण्याच्या खोलीपासून दूर ठेवाव्यात. तेथवर नेण्याचे भाडेही वहीत खर्च म्हणून लिहावे.